भोंग्यानंतरचे नागपूर

नागपूरच्या जुन्या वस्त्यांमधील वयोवृद्ध माणसे एखादी आठवण सांगू लागली की वेळेचा उल्लेख घड्याळावरून करीत नाहीत. ‘सकाळचा भोंगा होऊन गेला होता’ किंवा ‘दुसरी पाळी सुटायची होती’ असे सहज म्हणून जातात. तो भोंगा आता नाही. एम्प्रेस मिल २००२ साली कायमची बंद झाली. मॉडेल मिलही गेली. तिचे नाव एका चौकाला चिकटून राहिले आहे आणि बसचा वाहक ते नाव पुकारतो, एवढेच. एम्प्रेसच्या जागेवर मॉल आहे, निवासी इमारती आहेत. मॉलने गिरणीचे नाव मात्र घेतले. ही सम्राज्ञी कोण आणि तिचा या मातीशी संबंध काय, हा प्रश्न तेथे सरकत्या जिन्यावर उभ्या असलेल्या तरुण मंडळींपैकी कोणाच्या मनात येत असेल असे वाटत नाही. त्यांना दोष देण्याचे कारणही नाही. ज्या शहराने सांगितले नाही, त्या शहराच्या मुलांनी विचारावे तरी कसे?

या शहराला आता पाहुणे हवे आहेत. पूर्वी येथे कापूस येई, कोळसा येई, मजूर येई. आता प्रवासी यावा अशी इच्छा आहे. ती इच्छा गैर नाही. तयारीही बरीच झाली आहे. मेट्रो २०१९ पासून धावते. मुंबईस जोडणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये संपूर्ण खुला झाला. पेंच आणि ताडोब्याचे वाघ पाहावयास देशोदेशीचे लोक नागपूरच्या विमानतळावर उतरतात. पण उतरतात आणि तडक मोटारीत बसून जंगलाकडे जातात. शहर त्यांच्या दृष्टीने ठाणे आहे, मुक्काम नाही. हा प्रवासी दोन दिवस शहरात थांबावा, यासाठी जी खटपट चालली आहे तिचे नाव ‘सांस्कृतिक पर्यटन’. कोराडीच्या मंदिराजवळ २०२३ च्या जुलैत राष्ट्रपतींच्या हस्ते सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस आहे, रामटेकचे कालिदास स्मारक आहे, २०१७ पासून भरणारा खासदार सांस्कृतिक महोत्सव आहे. फुटाळा तलावात संगीतावर नाचणारे कारंजे बसविण्यात आले आणि त्या भोसलेकालीन तलावाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आले. प्राचीन वैभवाचीही वाण नाही. मनसरच्या उत्खननाने आणि नगरधन येथे सापडलेल्या प्रभावतीगुप्ताच्या मुद्रेने वाकाटकांचे राज्य पाठ्यपुस्तकातून उठून प्रत्यक्ष जमिनीवर आले आहे.

तेव्हा सामग्री भरपूर आहे. प्रश्न निवडीचा आहे. या साऱ्या यादीत वाकाटक आहेत, भोसले आहेत, रामायण आहे, वाघ आहेत. १८७७ पासून २००२ पर्यंतची सव्वाशे वर्षे तेवढी नाहीत. ज्या काळात आजचे नागपूर घडले, नेमका तो काळ शहराने स्वतःच्या संस्कृतीतून वगळला आहे.

एम्प्रेस मिलचा जन्मच एका वादग्रस्त जागेवर झाला. जमशेटजी टाटा मुंबई सोडून नागपुरास आले ते व्यापारी हिशेबाने. वर्धा खोऱ्याचा कापूस हाताशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, आणि १८६७ मध्ये येऊन पोचलेली रेल्वे. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, पाणथळ जागा त्यांनी घेतली आणि ती मातीचा भराव घालून बुजविण्यास आरंभ केला. हा मनुष्य मातीत सोने पुरतो आहे, याला पैसा कोण देणार, असे म्हणून येथील एका सावकाराने कर्ज नाकारल्याचा किस्सा टाटांच्या चरित्रांतून सांगितला जातो. पुढे त्याच सावकाराने आपली चूक कबूल केली म्हणतात: टाटांनी माती पुरली आणि सोने काढले. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले गेले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली, म्हणून एम्प्रेस. नाव परक्या राणीचे, पण भांडवल आणि व्यवस्थापन एतद्देशीय, हा त्या काळाचा विरोधाभास होता.

गिरणीचे व्यवस्थापक बेझनजी मेहता हे मूळचे रेल्वेतील मालवाहतुकीच्या खात्यातले. सूत म्हणजे काय हे त्यांना येथेच शिकावे लागले. रिंग पद्धतीच्या चात्या या गिरणीने देशात अगदी आरंभीच वापरून पाहिल्या. कोरड्या हवेत सूत तुटते, आणि नागपूरच्या वैशाखाइतकी कोरडी हवा फार थोड्या ठिकाणी असेल. म्हणून खात्यांत कृत्रिम दमटपणा राखण्याची यंत्रणाही येथे लवकर आली. सुताला मानवणारा हा दमटपणा माणसाला किती मानवत असेल, याची कल्पना नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला सहज करता येईल. बाहेर अंगाची काहिली करणारे ऊन, आत घामाने निथळणारा दमट उकाडा, हवेत तरंगणारी कापसाची तूस आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू न देणारा यंत्रांचा खडखडाट. अशा स्थितीत पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी दिवस काढले. त्याचबरोबर हेही नोंदविले पाहिजे की कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी या गिरणीने १८८६ मध्ये आणि अपघाताची भरपाई १८९५ मध्ये सुरू केली. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा या देशात १९२३ साली आला. गिरणीचा इतिहास म्हणजे केवळ शोषणाची कहाणी नव्हे आणि उपकाराचीही नव्हे. दोन्ही एकाच छपराखाली नांदत होती. म्हणूनच तो सांगण्यासारखा आहे.

गिरणी आली तेव्हा नागपुरास कापड नवे नव्हते. भोसल्यांच्या राजवटीपासून येथे कोष्टी आणि हलबा-कोष्टी विणकरांच्या वस्त्या नांदत होत्या. मोमीनपुऱ्यात मुसलमान विणकर होते. रेशीमकाठी लुगडी आणि धोतरजोडे यांसाठी नागपूरचे नाव होते. गिरणीने या हातमागाला एका हाताने मारले व दुसऱ्या हाताने तारले. तिच्या कापडाशी विणकराची स्पर्धा होती. पण त्याच्या खड्डामागावरचा ताणा आता गिरणीच्या सुताचा होता. पुढे यंत्रमाग आला आणि त्याने ही तडजोडही संपविली. सरकारने १९७१ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे. करवतीच्या दात्यांसारखी काठ असलेल्या विदर्भाच्या करवतकाठी टसर साडीला भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु गोळीबार चौकाच्या आसपासच्या गल्ल्यांत दुपारी हिंडणाऱ्याला मागाचा खटखटाट ऐकू यावा, हे आता योगायोगावर अवलंबून आहे.

या विणकराने शहराला दिलेली एक गोष्ट मात्र जिवंत आहे, आणि पाहुणा आवर्जून विचारतो तीही तीच. सावजी रस्सा! ‘सावजी’ हे विणकर समाजातले संबोधन असल्याचे सांगतात. जवसाचे तेल, खसखस, दगडफूल, भाजून काळसर केलेला मसाला, आणि पाट्यावर तासन्‌तास वाटणारे घरच्या बाईचे हात, असा त्याचा साधा कारभार. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणाऱ्या माणसाचे हे जेवण. मागावरची मिळकत आटू लागली तेव्हा अनेक घरांनी पुढच्या खोलीत चार बाके टाकली आणि घरचा रस्सा विकावयास काढला. आज त्या भोजनालयांच्या पाट्या शहरभर आहेत, इतर शहरांतही पोचल्या आहेत. पर्यटनाच्या पुस्तिकांतून तिखटाची वर्णने रंगतात. ते तिखट कोणत्या बेकारीतून रस्त्यावर आले ते कोणी छापीत नाही. नागपूरकर स्वतःही सांगत नाही. तर्रीपोहे पुढे करतो आणि पाहुण्याच्या डोळ्यांतील पाणी पाहून खूश होतो, हा आपला स्वभावच आहे.

गिरणीने घडविलेली दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. जमीन नसलेल्या आणि गावकीच्या बलुत्यात अडकलेल्या माणसाच्या हाती गिरणीने व रेल्वेने प्रथमच महिन्याकाठी रोख पैसा दिला. त्या पैशातून मुले शाळेत गेली, वस्त्यांत वाचनालये उघडली, वर्गण्या जमल्या, सभा भरल्या. रा. स. रुईकरांनी येथे कामगार संघटना बांधल्या. पुढे बर्धनांसारखा कामगारांचा पुढारी १९५७ मध्ये याच शहरातून अपक्ष म्हणून विधानसभेत गेला. १९४२ च्या जुलैत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची घोषणा करणारी परिषद नागपुरात भरली, हा केवळ भूगोलाचा योगायोग नव्हता. परिषदेचा भार वाहू शकणारा, संघटनेची सवय असलेला, स्वतःच्या मिळकतीवर उभा असा समाज येथे तयार झाला होता. वसंत मून यांनी ‘वस्ती’ या आत्मकथनात त्या समाजाचे आतून दर्शन घडविले आहे. मुंबईच्या गिरणगावाला अण्णा भाऊ साठे, अमर शेख, नारायण सुर्वे असे आवाज लाभले, आणि गिरण्या गेल्या तरी गिरणगाव मराठी साहित्यात शाबूत राहिले. नागपूरच्या गिरणीचे तेवढे भाग्य नाही. येथे ‘वस्ती’सारखी पुस्तके मोजकी, आणि ती वाचूनही तो परिसर पाहावयास जाणारे त्याहून मोजके.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह येथे धम्मदीक्षा घेतली. त्या भूमीवरील १२० फूट उंचीचा आणि तेवढ्याच व्यासाचा स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते खुला झाला. सांस्कृतिक पर्यटन म्हणून ज्याची स्वप्ने पाहिली जातात ते येथे दर विजयादशमीस, कोणाच्या जाहिरातीवाचून, सहजगत्या घडते. मराठवाड्यातून, खानदेशातून, परराज्यांतून लोक येतात. रेल्वेने, ट्रकने, बसने येतात. भाकरी बांधून आणतात, मोकळ्या मैदानावर झोपतात, आणि जाताना पुस्तके घेऊन जातात. कपडे, खेळणी, मिठाई विकली जाते तशी जत्रेत पुस्तके विकली जाण्याचा हा देखावा जगात किती ठिकाणी दिसत असेल? पण हे लोक हॉटेलात उतरत नाहीत, त्यांच्या खर्चाचा आकडा पर्यटन खात्याच्या तक्त्यात उठून दिसत नाही. म्हणून नियोजनाच्या भाषेत ते पर्यटक ठरत नाहीत. ते ‘गर्दी’ ठरतात.

या दृष्टिभेदाचा परिणाम २०२४ मध्ये दिसला. दीक्षाभूमीच्या विकासकामात भूमिगत वाहनतळाची योजना होती. खोदकाम सुरू झाले. स्तूपाला धोका पोचेल आणि जमण्याची जागाच आक्रसेल, अशी शंका लोकांना आली. १ जुलै रोजी हजारो लोक तेथे जमले, कामाची मोडतोड झाली, आणि त्याच दिवशी सरकारला विधिमंडळात स्थगिती जाहीर करावी लागली. वाहनतळाच्या तांत्रिक गुणदोषांचा निवाडा अभियंत्यांनी करावा. परंतु जेथे येणारा बहुसंख्य माणूस चालत येतो, तेथे विकासाचा विचार मोटारीपासून सुरू व्हावा, यात काहीतरी मूलतः उलटे होते. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे, रात्रीचा निवारा, पुस्तकविक्रेत्यांना पावसापासून आडोसा, या गोष्टींची मागणी नवी नाही. तिच्यासाठी कोणाला मोर्चा काढावा लागू नये.

मारबतीचेही असेच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-बुधवारीच्या गल्ल्यांतून पिवळी आणि काळी मारबत निघते. पिवळी १८८५ पासून, काळी त्याही चार वर्षे आधीपासून निघत असल्याचे सांगतात. म्हणजे दोन्ही गिरणीच्या समकालीन. इंग्रजांना साथ दिल्याबद्दल बाकाबाई भोसले यांच्यावरचा रोष काळ्या मारबतीत उतरला, अशी परंपरा आहे. या दोघींबरोबर निघतात ते बडगे. महागाई, लाचखाऊ अंमलदार, पाणीटंचाई, शब्द फिरविणारा पुढारी, त्या वर्षी जे जे जनतेला खुपले असेल त्याची पुठ्ठ्याची आणि कागदाची बाहुली करून तिची यथेच्छ निर्भर्त्सना करावयाची आणि शेवटी वेशीबाहेर नेऊन जाळावयाचे, असा हा विधी. वर्तमानपत्राने वर्षभर जे लिहावे ते येथे एका सकाळी रस्त्यावर चालत जाते. देशात अन्यत्र असा उत्सव पाहिल्याचे कोणी सांगत नाही. साहजिकच पर्यटनाच्या यादीत मारबत अलीकडे वरच्या क्रमांकावर आली आहे. आनंद आहे. तथापि मिरवणुकीला प्रायोजक मिळाले, पाहुण्यांसाठी मंडप पडले, पाहुण्यांत मंत्री बसले, की बडग्याच्या छातीवर कोणाचे नाव लिहावयाचे हा प्रश्न उभा राहील. ज्याच्या पैशावर बडगा उभा, त्याच्याच नावाने बोंब मारण्याचे धैर्य फार थोड्या मंडळांना परवडते. मारबत पाहावयास लोकांनी जरूर यावे. तिला सजवावयास मात्र कोणी येऊ नये.

गिरण्या बंद पडलेली शहरे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी अनेकांनी याच मार्गाने जाण्याचा प्रयत्न केला. अमेरिकेतील लॉवेल हे कापडगिरण्यांचे गाव असेच ओस पडले होते. १९७८ मध्ये तेथील गिरण्या, कालवे आणि गिरणीत काम करणाऱ्या मुलींची वसतिगृहे मिळून राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. आपल्याकडे राष्ट्रीय उद्यान म्हटले की वाघ डोळ्यांपुढे येतो. तेथे एका शहराची मजुरी राष्ट्रीय ठेव मानली गेली. बूट मिलच्या संग्रहालयात माग प्रत्यक्ष चालवून दाखवितात आणि पाहुण्याला कानात घालावयास बोळे देतात. तो आवाज ऐकल्यावर कामगाराविषयी वेगळे भाषण करण्याची गरज उरत नाही. लॉवेलचे उदाहरण फार दूरचे, फार श्रीमंत वाटत असेल तर पोलंडमधील वूच घ्या. तेथेही पोझनान्स्की या गिरणीमालकाच्या प्रचंड गिरणीचे २००६ मध्ये व्यापारी संकुल झाले. दुकाने आली, चित्रपटगृहे आली. पण लाल विटांच्या मूळ इमारती राखल्या गेल्या आणि त्याच आवारात गिरणीचे संग्रहालयही राहिले. म्हणजे मॉल की संग्रहालय अशी सक्तीची निवड नव्हती. दोन्ही करता येत होते; आपण एकच केले.

मुंबईचा दाखला देऊन मनाचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही. तेथे काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याची योजना वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली, तोवर गिरणगावात मनोरे उभे राहिले. मुंबईने चुकावे आणि नागपूरने त्या चुकीचे अनुकरण करावे, असे काही आपल्या उपराजधानीच्या सनदेत लिहिलेले नाही.

शिवाय, हे काम नागपुरास जमत नाही असेही म्हणता येणार नाही. कारण एकदा ते जमले आहे. मोतीबागेत रेल्वेच्या अरुंद मापाच्या मार्गांचा जुना कारखाना होता. तेथे २००२ मध्ये संग्रहालय उघडण्यात आले. इंजिने राखली, कंदील, तिकिटे, घंटा, यंत्रे मांडली. पुढे २०१५ मध्ये छिंदवाड्याकडची आणि २०१९ मध्ये नागभीडकडची छोटी गाडी मोठ्या मार्गासाठी बंद झाली, तेव्हा या गाड्यांची आठवण ठेवणारी जागा शहरात आधीच तयार होती. शाळेच्या सहली तेथे जातात. ज्या २००२ साली रेल्वेने हे संग्रहालय उघडले, त्याच साली एम्प्रेस मिलला कुलूप लागले. एकीकडे माल जपण्याची बुद्धी झाली, दुसरीकडे झाली नाही. आणखी एक जोडी पाहा: टाटांच्या कंपनीने गिरणीतून अंग काढले आणि ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली ते १९८६ साल, देशातील लोककला जपण्यासाठी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र नागपुरात स्थापन झाले तेही १९८६ मध्येच. संस्कृतीचे कार्यालय उघडले आणि ती घडविणारे दालन मिटले, तेव्हा या दोन बातम्यांचा परस्परांशी काही संबंध आहे असे कोणालाच वाटले नसावे.

इतिहासासाठी सरकार पैसा खर्च करीत नाही, ही तक्रारही आता पूर्णतः खरी नाही. २०२५ च्या एप्रिलात रघूजी भोसले पहिले यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा राज्य सरकारने ४७.१५ लाख रुपयांत ती विकत घेतली आणि ऑगस्टमध्ये ती महाराष्ट्रात आली. फार चांगले झाले. नागपूरकराच्या छातीला त्या बातमीने बळ आले हे नाकारणार नाही. मात्र तलवारीसाठी लंडनला जाणाऱ्यांनी धोट्यासाठी गांधीसागरापर्यंत जावयास हरकत नव्हती. गिरणीसाठी आणि तिच्या कामगारांसाठी स्वतंत्र असे एकही संग्रहालय आज नागपुरात नाही. एक चालता माग, हजेरीचे कार्ड, जॉबरची शिट्टी, बक्षीससमारंभाचे छायाचित्र, संपाचे हस्तपत्रक, अशा वस्तूंची किंमत लिलावात ठरत नाही. त्या घराघरांत ट्रंकेच्या तळाशी असतात आणि म्हातारा गेला की रद्दीत जातात.

या संदर्भात नागपूरच्याच एका संग्रहालयाची हकीकत आठवते. सर रिचर्ड टेंपल यांच्या काळी, १८६३ मध्ये, येथे मध्यवर्ती संग्रहालय सुरू झाले. लोकांनी त्याला ‘अजबबंगला’ हे नाव दिले आणि तेच रूढ झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी लोखंडाच्या शोधासंबंधी येथील सचिवालयात गेले होते. ज्या अधिकाऱ्याची भेट घ्यावयाची ते जागेवर नव्हते. वेळ काढावा म्हणून दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा लावलेला होता, आणि त्यात दुर्ग जिल्हा लोखंडाच्या गडद रंगाने दाखविला होता. त्या नकाशाने पोलाद उद्योगाच्या शोधाला वळण मिळाले. टाटांचा कारखाना शेवटी अन्यत्र, साकचीला झाला हे खरे. पण दुर्गच्या त्याच दल्ली-राजहराच्या डोंगरांवर पुढे भिलाई उभी राहिली. नागपूरच्या एका दालनात रिकाम्या वेळी शिरलेल्या माणसाला एक उद्योग सापडला. आज त्या शहरातील उद्योगाला एक दालन सापडत नाही.

मोठी स्मारके नकोत. पुतळा तर मुळीच नको. नागपुरात पुतळ्यांचा दुष्काळ नाही. गांधीसागराच्या काठी चार मोठ्या खोल्या, चालू स्थितीतील दोन माग, खड्डामागावर बसणारा एखादा जाणकार विणकर आणि त्याला महिन्याचा पगार, कामगारांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेल्या आठवणी, मराठीत आणि हिंदीत. तेथून इतवारी, बुधवारी, महाल, गोळीबार चौक हा सारा परिसर चार-पाच किलोमीटरच्या आत आहे. माहीतगार माणूस बरोबर असेल तर पाहुण्याचा एक दिवस तेथे सहज जातो, आणि रात्री सावजीकडे पान मांडले की मुक्कामही होतो. खर्चाची तुलना कोणाशी करावी असे विचाराल, तर एखाद्या कारंज्याशी करा. पाण्याला नाचविण्यापेक्षा मागाला चालविणे स्वस्तच पडेल असा अंदाज आहे.

घाई आहे ती इमारतीची नव्हे. जी इमारत पाडली ती पाडली. परंतु ताणा कसा भरावयाचा, तुटलेला धागा चालत्या यंत्रावर कसा जोडावयाचा, कोणत्या खात्यात कोणत्या वस्तीचे लोक असत, बदली कामगाराला सकाळी दरवाजाबाहेर किती वेळ उभे राहावे लागे, संपाच्या दिवसांत कोणाच्या घरी चूल पेटली आणि कोणाच्या नाही, हे सांगू शकणारी माणसे अजून आहेत. १९८० साली विसाव्या वर्षी गिरणीत बदली म्हणून लागलेला मुलगा आज पासष्टीच्या पुढे आहे. त्याच्याहून तरुण साक्षीदार फारसा उरलेला नाही, आणि त्याच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन अद्याप कोणी गेल्याचे ऐकिवात नाही.